दहा अंक, एकच मांडणी

सोमवार, १० नोव्हेंबर

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून मिळालेली, तीही मागच्या वर्षीची. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेली तारीख खोडून वर नवी लिहिते. लिहायचं कारण एवढंच, की आज जे ऐकलं ते डोक्यात मावेना. नवऱ्याला, करणला, सांगितलं तर तो हसेल.

टेंभुर्णीहून जालन्याला येणाऱ्या नवाच्या गाडीवर मी कंडक्टर. दर सोमवारी आणि गुरुवारी दाराजवळच्या सीटवर अंभोरे सर बसतात. रामकिसन अंभोरे. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. मी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं. टेंभुर्णीच्या शाळेत नववीला गणित त्यांनीच शिकवलं. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? गाडीची पाटीसुद्धा त्यांना दिसत नाही, दुसऱ्याला विचारून चढतात. बरंच आहे ते.

तिकीट हातात दिलं की म्हणतात, "नंबर वाचून दाखवा बाई." मी वाचते. ते डोळे मिटून सांगतात, "नवानं भाग जातो," नाही तर, "अकरानं न्हाई जात, तीन उरतात." मी फोनवर तपासून पाहते. आजवर एकदाही चुकले नाहीत.

आज म्हणाले, "एक कोडं घालू का?"

कोडं असं. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक एकेकदाच घ्यायचे आणि दहा अंकी संख्या मांडायची. पण अशी, की तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोननं पूर्ण भाग जावा, पहिल्या तिनांच्या संख्येला तीननं, पहिल्या चारांच्या संख्येला चारनं, असं करत सगळ्या दहा अंकांना दहानं.

"अशी संख्या हाय का पण?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं."

"तुम्हाला ठाऊक असंल की."

सर खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "मला शोधणारं माणूस पाहिजे."

आमचे ड्रायव्हर कल्याणभाऊ आरशातून बघत होते. म्हणाले, "ताई, ब्रेक मारून राह्यलो, दांडी धरा." मी दांडी धरायची विसरले होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी हे सोडवणार नाही, असं काल झोपताना ठरवलं होतं. गणिताचं आणि माझं वाकडं आहे. ते का, हे एकदाच लिहून टाकते.

नववीत सरांनी फळ्यावर गणित घातलं होतं: एकपासून नव्याण्णवपर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज. मी लगेच लिहिलं, २५००. लहानपणी आबांच्या मेंढरांमागं हिंडताना मी खडे मांडायची. एक खडा ठेवायचा. त्याला दोन बाजूंनी तीन खडे लावले की दोनाचा चौकोन होतो. मग पाच लावले की तिनाचा, सात लावले की चाराचा. विषम खडे लावत गेलं की चौकोन काही मोडत नाही. नव्याण्णव ही पन्नासावी विषम संख्या, म्हणून पन्नास गुणिले पन्नास. एवढं सोपं! पण वहीत एकही पायरी नव्हती. सर म्हणाले, "कुणाचं पाहून लिहिलंस?" मी खडे म्हणाले तर वर्ग हसला. सरांनी भोपळा दिला आणि तासभर दारात उभं केलं. त्यानंतर मी गणितात डोकं घातलंच नाही. दहावीला अडतीस मिळाले.

तर सोडवणार नव्हते. पण आज भाकरी थापताना एकदम दिसलं! दहानं भाग जायचा तर शेवटी शून्यच पाहिजे. आणि पाचव्या जागी? पाचनं भाग जायला तिथं शून्य किंवा पाच. शून्य तर गेलं शेवटाला. म्हणजे पाचव्या जागी पाच! दहातले दोन अंक बसले, तेही तव्यासमोर. भाकरी करपली. करण म्हणाला, "आज काय झालं?" मी म्हणाले, "पाच."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सर चढल्या चढल्या मी सांगितलं, "दहाव्या जागी शून्य, पाचव्या जागी पाच."

"का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आणखी?"

आणखी होतं. दुसरी, चौथी, सहावी, आठवी आणि दहावी जागा, या सगळ्या ठिकाणी सम अंकच पाहिजे, नाही तर दोननं, चारनं, सहानं, आठनं, दहानं भाग जाणारच नाही. सम अंक पाचच आणि जागाही पाचच. म्हणजे विषम अंक उरलेल्या जागांवर. सम-विषम, सम-विषम, एकाआड एक. दाव्याला बांधल्यासारखे!

हे सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण मागून एक आजी म्हणाल्या, "भांडून राह्यली का गं?"

सर हसले. म्हणाले, "मांडण्या किती होत्या ठाऊक हाय का? बत्तीस लाखांच्या वर. तू त्यातल्या किती उडवल्यास, त्याचा काही अंदाज?"

'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, त्यांनाही कळलं नसेल. मला बरं वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज साप्ताहिक सुट्टी. जालन्यात मस्तगडातल्या आमच्या गच्चीवर ऊन छान होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठी घेऊन बसले, ते चार वाजता उठले. सगळं लिहून ठेवते, नाही तर पुन्हा सुटेल.

चारनं भाग जातो का, हे शेवटच्या दोन अंकांवरून कळतं. तिसरा अंक विषम. विषमानंतर ४ किंवा ८ आला तर चारनं भाग जात नाही (१४, ३८, ७४, करून पाहिले). २ किंवा ६ आला की जातो. म्हणजे चौथ्या जागी २ किंवा ६.

आठसाठी शेवटचे तीन अंक बघायचे. सहावा अंक सम आहे आणि दोनशे, चारशे, सहाशे, आठशे या सगळ्यांना आठनं भाग जातो. म्हणून तो सोडून द्यायचा. सातवा आणि आठवा मिळून आठच्या पाढ्यात पाहिजेत आणि सातवा विषम: १६, ३२, ७२, ९६. एवढेच! म्हणजे आठव्या जागीही २ किंवा ६. चौथीनं आणि आठवीनं २ आणि ६ वाटून घेतले. मग ४ आणि ८ कुठं? दुसऱ्या आणि सहाव्या जागेवर.

पुढचं दिसलं तेव्हा तर मला नाचावंसं वाटलं. पहिल्या तीन अंकांना तीननं भाग जातो, पहिल्या सहांनाही जातो. म्हणजे मधल्या तीन अंकांची बेरीजही तिनाच्या पाढ्यात पाहिजे. मधले तीन म्हणजे चौथा, पाच आणि सहावा. बसतात दोनच जोड्या: २५८ नाही तर ६५४.

मग उरलेले विषम अंक बसवले. २५८ घेतलं तर दोन मांडण्या, ६५४ घेतलं तर आठ. बत्तीस लाखांतून दहा उरल्या! दहा! मी जिन्यातून करणला हाक मारली. तो पंखा खोलून बसला होता, इलेक्ट्रिशियन माणूस. वर आला, कॅलेंडर पाहिलं, म्हणाला, "एवढं काय करत बसली? फोनवर टाक, एका मिनिटात उत्तर येतंय."

"येतंय, ठाऊक हाय मला."

"मंग?"

"मंग काय? फोनला कळंल. मला कुठं कळंल?"

तो जिन्याकडं वळला. जाताना कॅलेंडर उडू नये म्हणून त्यावर आपली पक्कड ठेवून गेला. आता फक्त सात राहिलाय. पहिल्या सात अंकांना सातनं भाग गेला पाहिजे. दहा भागाकार. उद्या ड्यूटीवर.

रविवार, १६ नोव्हेंबर

एकालाही जात नाही.

दहाच्या दहा भागाकार गाडीत केले, जागा मिळेल तशी बसून. सगळ्यांना बाकी उरते. अशी संख्याच नाही. एवढं सगळं केलं आणि शेवटी काहीच नाही. सरांनी मुद्दाम न सुटणारं कोडं घातलं असेल का? नववीतलं सगळं परत आठवलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

 क्रमानं लिहिते.

सर बसले. मी तिकीट दिलं आणि रुक्षपणे म्हणाले, "अशी संख्या न्हाई."

"न्हाई?"

"दहा मांडण्या उरल्या होत्या. एकालाबी सातनं भाग जात न्हाई."

"दहा उरल्या?" सर पुढं सरकून बसले. "बत्तीस लाखांतून दहावर आलीस? एकटी?"

"तर काय."

"वाच बरं. एकेक वाच आणि बाकी सांग."

गाडीत गर्दी नव्हती. मी कॅलेंडरचा कागद काढला आणि वाचायला लागले. "एक चार सात दोन पाच आठ नऊ. बाकी सहा." सरांनी डोळे मिटले, ओठ हलले. "बराबर." "सात चार एक दोन पाच आठ नऊ. बाकी दोन." "बराबर." असं एकेक. प्रत्येक 'बराबर'ला माझं मन आणखी बसत होतं.

आठव्याला मी वाचलं, "तीन आठ एक सहा पाच चार सात. बाकी सहा."

या खेपेला 'बराबर' आलं नाही. कल्याणभाऊंनी गिअर बदलला तेवढाच आवाज. मग सर म्हणाले, "परत कर, रेणू. मोठ्यानं."

(नाव त्यांनी माझ्या बिल्ल्यावरून वाचलं असेल.)

मी दांडीला पाठ टेकून उभी राहिले. "अडतीसात सात पाच वेळा, उरले तीन. एक खाली, एकतीस. चार वेळा, उरले तीन. सहा खाली, छत्तीस. पाच वेळा, उरले…"

कागदावर दोन लिहिले होते. पाचा साता पस्तीस. छत्तीसातून पस्तीस गेले की दोन कुठून उरतील? पूल ओलांडताना गाडी आदळली होती तेव्हा लिहिलेलं ते.

"उरला एक," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "पंधरा. दोनदा, उरला एक. चौदा. दोनदा, उरलं… काहीच न्हाई. सात खाली. एकदा. उरलं शून्य. सर, शून्य!"

"पुढं! आठचं बघ!"

"चारशे बहात्तर. आठ एकुणसाठे चारशे बहात्तर. जातो!"

"नऊ?"

"सगळ्यांची बेरीज पंचेचाळीस. जातो! सर, ३८१६५४७२९०! हाय! संख्या हाय!"

मी ओरडले असणार. कल्याणभाऊंनी घाबरून गाडी बाजूला घेतली. "काय झालं? कुणी पडलं का?" कुणीतरी म्हणालं, "ताईला नंबर लागला." कल्याणभाऊंना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी भर रस्त्यात लांबलचक हॉर्न वाजवला आणि सगळी गाडी हसली.

सर हसत नव्हते. हात पुढं करून म्हणाले, "शेवटच्या दोन राहिल्यात. त्याबी वाच."

"आता कशाला? सापडली की."

"सापडली. पण एकच हाय, हे कळायला नको?"

वाचल्या. एकाला दोन उरतात, दुसऱ्याला सहा. म्हणजे अशी संख्या एकच आहे. बत्तीस लाख मांडण्यांत ही एकटी. मला आत्तापर्यंत वाटायचं संख्या म्हणजे नुसती ओळ, कुठलीही कुठंही. पण हिला दुसरीकडं कुठं जागाच नाही. तिचा प्रत्येक अंक तिथंच बसतो.

उतरताना सर म्हणाले, "शनिवारी शाळेत पोरांचा गणिताचा तास हाय. मला बोलावलंय. पण मला फळा दिसत न्हाई. तू ये. हे सगळं तू मांड."

"तुम्ही सांगा, मी फळ्यावर लिहिते."

"मी मागं बसणार. तास तुझा."

गुरुवार, २० नोव्हेंबर

तीन दिवस नाही म्हणायची तयारी करत होते. त्याच शाळेत, बहुतेक त्याच वर्गात. पोरांनी काही विचारलं आणि आलं नाही तर? कंडक्टर काय शिकवणार, असं कुणी म्हटलं तर? करण म्हणाला, "म्हणू दे. तू तिकीट मागताना लाजतीस का कुणाला?"

तरी आज सरांना म्हणाले, "मला जमणार न्हाई."

सरांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "रेणू, मास्तरकीत चूक झाली की ती मास्तरला दिसत न्हाई. पोरं पुढच्या वर्गात जातात, संपलं. एकदा एका पोरीनं बराबर उत्तर दिलं होतं. रीत तिची स्वतःची होती. मला ती रीत कळली न्हाई, म्हणून मी तिला चोर ठरवलं. पुढं निवृत्त झाल्यावर एका दुपारी बसल्या बसल्या ती रीत मला दिसली. इतकी सुंदर होती, की मी उठून उभा राह्यलो. पण तोवर पोरगी कुठं गेली ठाऊक न्हाई."

 सर अशा किती पोरींना चोर म्हणाले असतील कुणास ठाऊक. निदान त्यांना एकीची तरी आठवण राहिली. त्यांना कुठं ठाऊक, समोर कोण उभं आहे! सांगावंसं वाटलं, पण म्हातारपणी आणखी ओझं कशाला द्या?

"मंग काय केलंत?"

"आवाज ध्यानात ठेवला होता," सर म्हणाले. "तेवढंच हातात होतं." आणि लगेच, "शनिवारी आठला. जल्दी ये, पोरं वेळेवर येतात."

एवढं ऐकल्यावर नाही म्हणवेना.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वर्ग तोच होता. खिडक्यांना नवा रंग दिलाय. पंचेचाळीस मुलं-मुली, आठवी-नववीची. मुख्याध्यापिका प्रभावतीबाईंनी ओळख करून दिली आणि मागं जाऊन सरांशेजारी बसल्या.  मी गणवेशातच गेले होते, खाकीत मला धीर असतो.

फळ्यावर दहा चौकोन काढले आणि विचारलं, "शेवटच्या सीटवर कोण बसंल?" तोंडातून सीटच आली. पोरं हसली, पण दोघांनी लगेच सांगितलं, शून्य. मग पाच. मग सम-विषम. मी काही सांगायच्या आधीच कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं. दहा मांडण्या उरल्या तेव्हा मी पोरांचे दहा गट केले, एकेकाला एकेक भागाकार. वर्गात नुसती पुटपुट. "उरले पाच!" "चार!" "आमचेबी पाच!" आणि मधल्या रांगेतून एकदम, "शून्य! बाई, शून्य!" त्या गटानं बाकावर हात आपटले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना, इतका आनंद होता.

वाटलं, झालं. खडू ठेवला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची प्रीती नावाची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. "बाई, अकरावा अंक जोडला तर? अकरानं भाग जाणारा?"

"अंक तर संपले सगळे."

"परत वापरले तर?"

मी सरांकडं पाहिलं. ते फळ्याकडं तोंड करून बसले होते. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पंचेचाळीस पोरं बघत होती आणि मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

मला वाटलं होतं पोरं हसतील. ती तर पुढं सरकली!

"चला, बघू," मी खडू परत उचलला. अकरासाठी सहा जोडावा लागला: ३८१६५४७२९०६. प्रीतीनं भागून दाखवलं. बारासाठी शून्य, तोही बसला. तेरासाठी वेळ लागला, चार पोरं फळ्याशी आली, एकमेकांचं खोडत, शेवटी आठ निघाला. ३८१६५४७२९०६०८. तेरा अंक! फळ्याची रुंदी पुरेना. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एक पोर उठलं नाही.

चौदाला अडलं. सातनं भाग जायला शेवटी पाचच पाहिजे आणि दोननं जायला सम. पाच काही सम होत नाही. सगळा वर्ग "आऽऽ" करून हळहळला, शेवटच्या चेंडूवर विकेट पडल्यासारखा.

पण प्रीती बसली नाही. "मंग पहिल्यापासूनच अंक परत वापरू द्या. अशी सगळ्यात लांब संख्या केवढी होईल? का संपणारच न्हाई?"

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल गाडीत आणि घरी मोठ्या चौकड्यांच्या वहीत तेच करत होते. प्रत्येक पायरीला काही संख्या पुढं जातात, काही मरतात. आधी वाढत जातात आणि मग जसजसा भाजक मोठा होतो तसतशा कमी होत जाणार, हे मला दिसतंय. दहानंतर दहा अंकांत एखादाच बसणार, कधी एकही नाही. म्हणजे ही ओळ कुठंतरी संपणार. पण कुठं? पंधरावर? वीसवर? तीसवर? करणनं फोन हातात घेतला होता. मी काढून घेतला.

आज सर चढताना मी हात देऊन बसवलं आणि आधीच बजावलं, "सर, लांबात लांब संख्या केवढी, ते सांगू नका. बिलकुल सांगू नका."

"सांगू कुठून?" सर म्हणाले. "याचं उत्तर मला ठाऊकच न्हाई."

"खरंच?"

"खरंच. कधी मनातबी आलं न्हाई. हे त्या पोरीचं आणि तुझं." त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. दवाखान्यात निघालेलं माणूस वाटतच नव्हतं. "जालना यायला तासभर हाय. वही आणलीस का?"

"आणली."

"मंग वाच मला. कुठून सुरू करतीस?"

"एकपासून," मी म्हणाले, वही उघडली आणि डबल बेल मारली.